अमरवेल, टारफुला, बंबाखू, बांडगूळ: पिकावर जगणाऱ्या तणांचा बंदोबस्त तुम्ही कसा करता?

काळीकसदार (धागा सुरू करणारे)

नमस्कार मंडळी.

आमच्याकडं औसा तालुक्यात सोयाबीन निघालं की हरभरा, हीच फेरी वर्षानुवर्षं चालते. अलीकडं त्यात अमरवेल घुसलीय. आधी बांधाकडंच्या दोन-चार झाडांवर पिवळे दोरे दिसायचे, आता हरभऱ्यात जागोजागी गोल चट्टे पडतात. लांबून बघितलं तर हळदीत बुडवलेल्या शेवया पिकावर वाळत घातल्यात असं वाटतं. चट्ट्यातल्या झाडाला घाटे कमी लागतात आणि लागले तरी पोचट राहतात.

बाकीचं तण खुरपून निघतं, हिला खुरपायचं कुठं? जमिनीत मूळच नाही. वेल ओढली तर हरभऱ्याचं झाड उपटून हातात येतं. औषधाच्या दुकानात विचारलं तर प्रत्येकजण वेगळी बाटली पुढं करतो.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. उभ्या हरभऱ्यात आता काही करता येतं का? आणि पुढच्या हंगामाआधी रानाचं काय करू? टारफुला आणि बंबाखूनं हैराण झालेल्यांनीही इथंच लिहा. या सगळ्यांची माहिती मराठीत एका जागी सापडत नाही.

जुना_कृषीसहायक

काळीकसदार, पहिल्या प्रश्नाचं उत्तर कडू आहे, पण सरळ सांगतो. उभ्या हरभऱ्यातली अमरवेल मारेल आणि हरभरा वाचवेल असं भरवशाचं तणनाशक नाही. दुकानदार काही देत असेल तर बाटलीवरच्या लेबलात पीक कोणतं लिहिलंय ते आधी वाचा.

आत्ता करायचं ते हातानं. चट्ट्याच्या कडेपासून हातभर बाहेर जा आणि तिथपासून आतला सगळा हरभरा वेलीसकट कापून काढा. वेल सोडवत बसू नका, झाड गेलं तर जाऊ द्या. वेलीचा हिरव्या झाडाला चिकटलेला तुकडा राहिला तर तिथूनच ती पुन्हा फुटते. कापलेला माल ताडपत्रीत बांधून रानाबाहेर न्या, वाळवा आणि जाळा. बांधावर टाकू नका, उकिरड्यावर तर नाहीच. आणि हे सगळं तिला फूल येण्याआधी. एकदा बोंडं धरून बी पडलं की ते बी जमिनीत दहा वर्षांहून जास्त काळ जिवंत राहू शकतं. बियाचं कवच टणक असतं, त्यामुळं सगळं बी एका वर्षी उगवत नाही. थोडं यंदा, थोडं पुढच्या वर्षी, असं चालू राहतं. म्हणून एक हंगाम रान साफ दिसलं तरी पुढच्या हंगामात ती परत येते.

आता तिची जगण्याची रीत समजून घ्या, मग उपाय आपोआप कळतील. बी उगवतं तेव्हा नुसता एक बारीक पिवळसर दोरा वर येतो. पानं नाहीत, मुळाच्या नावानं जे असतं ते लवकरच सुकतं. बियात साठलेल्या अन्नावर तो दोरा आठ-दहा दिवस, फार तर थोडा जास्त तग धरतो. तेवढ्यात हिरवं झाड सापडलं तर त्याला वेढा घालतो, खोडात शोषक मुळं खुपसतो आणि जमिनीशी नातं तोडतो. नाही सापडलं तर मरतो. आपल्याला जे काही करायचंय ते याच आठ-दहा दिवसांत.

यावरून तीन गोष्टी निघतात. पेरणीआधी रान ओलवा, अमरवेल आणि बाकीचं तण उगवू द्या, मग वखराची उथळ पाळी देऊन पेरा. खोल नांगरट करू नका, नाहीतर खाली गाडलेलं जुनं बी पुन्हा वर येतं. दुसरं, पेंडिमिथॅलीन ३० टक्के ईसी हे तणनाशक, हेक्टरी १ किलो सक्रिय घटक म्हणजे एकरी साधारण १.३ लिटर, पेरणीनंतर दोन दिवसांच्या आत, ओल असताना. हरभऱ्यात ते चालतं आणि अमरवेलीचे कोंब उगवतानाच मरतात. कोरड्या मातीवर मारलं तर पैसे वाया. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, फेरपालट. ज्वारी, बाजरी, गहू, मका यांच्यावर अमरवेल जगत नाही. द्विदलावर द्विदल घेत राहिलात तर तिला दरवर्षी ताट वाढून ठेवल्यासारखं आहे.

धुऱ्यावरून

दादा, मी अकोल्याकडचा. आमच्याकडेही सोयाबीन-हरभराच आहे आणि अमरवेल गावभर आहे. ती एका वावरातून दुसऱ्या वावरात कशी जाते हे नीट बघितल्यावर लक्षात आलं की बहुतेक वेळा मळणी मशीन आणि हार्वेस्टरमधून जाते. एका शेतकऱ्याच्या वावरात अमरवेल असली की तिच्या बोंडांसकट मळणी होते, मशीनच्या चाळणीत, पेटीत, पट्ट्यावर बी अडकून राहते आणि पुढच्या वावरात पहिल्या पोत्यातच पडते. आम्ही आता मशीनवाल्याला सांगतो की आधी मशीन रिकामं चालव, झाडून घे, मगच आमची सुडी लाव. तो कुरकुर करतो, पण करतो.

दुसरं, घरचं बियाणं. हरभरा आणि सोयाबीनचा दाणा मोठा, त्यामुळं अमरवेलीचं बी चाळणीनं सहज वेगळं होतं. ते मोहरीपेक्षाही लहान आणि खडबडीत असतं. अडचण येते लसूणघासात. तिथं दोन्ही बिया आकारानं जवळजवळ सारख्या, म्हणून लसूणघासाचं बी सुटं बाजारातून घेणं म्हणजे अमरवेल विकत आणणं. प्रमाणित बियाणंच घ्या. बियाणं प्रमाणीकरणाच्या नियमांत लसूणघासासाठी अमरवेल हे आक्षेपार्ह तण म्हणून धरलंय, ते उगाच नाही.

खुरासणी

नाशिकच्या डोंगरपट्ट्यातून लिहितेय. आमच्या खुरासणीत, म्हणजे ज्याला तुम्ही कारळे म्हणता त्यात, अमरवेल फार जुनी आहे. हे पीक डोंगरउतारावर, फेकून पेरलेलं, ना खत ना औषध, आणि त्यात अमरवेल शिरली की पिवळ्या फुलांचं अख्खं रान खाली बसतं. आमच्याकडं बियाणं घरचंच असतं आणि ते एकमेकांकडून घेतलं जातं, त्यामुळं एका पाड्यावरची अमरवेल तीन पाड्यांवर पोचते. १ मिलिमीटरची चाळणी लावली तर खुरासणीचा लांबट दाणा वर राहतो आणि अमरवेलीचं बरंचसं बी खाली पडतं. बायकांच्या बचत गटात एक चाळणी घेऊन ठेवली तर सगळ्या पाड्याचं काम होतं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी कुणी येऊन सांगितलं नव्हतं, याचं वाईट वाटतं. डोंगरातल्या पिकाकडं लक्ष द्यायला कुणाला वेळ नसतो.

जुना_कृषीसहायक

खुरासणीताई, अगदी बरोबर. आणि एक राहिलं होतं. बोंडं धरलेली अमरवेल असलेला चारा जनावराला घालू नका. तिचं बी जनावराच्या पोटातून न पचता बाहेर पडतं, शेणखतात जातं आणि शेणखताबरोबर सगळ्या रानात पसरतं. शेणखत नीट कुजलेलंच वापरा.

गच्चीवाली

शेतकरी नाही, पुण्यात राहते. आमच्या सोसायटीच्या डुरांटाच्या कुंपणावर आणि बोगनवेलीवर अशीच जाड पिवळी वेल पसरलीय. माळी ती ओढून पलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर फेकतो. हीच का ती?

जुना_कृषीसहायक

जातभाई आहे, झुडपांवर वाढणारी जाड अमरवेल. पिकातली बारीक असते. फेकू देऊ नका. ज्या फांद्यांना वेढा आहे त्या फांद्यांसकट छाटा, पोत्यात भरून वाळवा. कुंपण दोन महिन्यांत परत भरतं.

मुळाशी

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, अमरवेलीबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा दोरा झाड शोधतो तरी कसा? २००६ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं की तो वासावरून शोधतो. टोमॅटोच्या रोपाकडं दोरा वळतो. झाड बाजूला ठेवून नुसता टोमॅटोच्या वासाचा अर्क ठेवला तरी वळतो. गव्हाकडं मात्र तेवढा ओढला जात नाही, आणि गव्हाच्या वासातला एक घटक तर त्याला दूर लोटतो. वर सहायक साहेबांनी फेरपालटाचं जे सांगितलं त्याच्याशी हे जुळतं.

पंचगंगाकाठ

राम राम मंडळी. आमचं दुखणं वेगळं. ऊस. आमच्या करवीर-पन्हाळ्याच्या हलक्या, मुरमाड रानात उसाच्या बुडात टारफुला येतो. वीतभर-दीड वीत उंचीचं, खरबरीत पानांचं, पांढऱ्या फुलाचं झुडूप. बघणाऱ्याला वाटतं काय करणार एवढंसं तण. पण खाली उकरून बघा, उसाच्या मुळीला चिकटलेलं असतं. पाणी देऊन, युरिया टाकून ऊस पिवळाच राहतो, पेरं आखूड पडतात, भर दुपारी पानं गुंडाळतात. पाणी कमी पडलं म्हणून आणखी पाणी देतात लोक, आणि दुखणं मुळाशीच असतं.

आमचे आजोबा जोंधळ्यातला टारफुला बघून सांगायचे की रान दमलंय, शेणखत घाला. आम्हाला तेव्हा ते जुन्या माणसाचं बोलणं वाटायचं.

आता खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या पिकात, जास्त दिसायला लागलाय. खुरपून काढला तर आठवड्यात पुन्हा वर. कुणाला पक्का इलाज माहीत असेल तर सांगा.

मुळाशी

पंचगंगाकाठ, तुमच्या आजोबांचं बोलणं विज्ञानानं आता पुराव्यानिशी मान्य केलंय. जरा सविस्तर लिहितो, कारण टारफुल्याची गोष्ट मला सगळ्या तणांत सर्वांत विलक्षण वाटते.

टारफुल्याचं बी पाव मिलिमीटरच्या आसपास, एका झाडाला हजारोंनी, आणि जमिनीत दहा-पंधरा वर्षं टिकणारं. त्यात साठवलेलं अन्न जवळजवळ नाहीच. उगवल्यावर काही दिवसांत मूळ सापडलं नाही तर ते संपलं. म्हणून ते उगाच उगवत नाही. ओल्या, उबदार मातीत काही दिवस तयार होऊन थांबतं आणि जवळून एखाद्या मुळानं सोडलेलं विशिष्ट रसायन पोचलं तरच उगवतं. १९६६ मध्ये असं पहिलं रसायन कपाशीच्या मुळांतून वेगळं काढलं गेलं, त्याला स्ट्रायगॉल म्हणतात. या गटातल्या रसायनांना आता स्ट्रायगोलॅक्टोन हे नाव आहे.

मग प्रश्न पडतो की झाड स्वतःच्या शत्रूला जागं करणारं रसायन सोडतं कशाला? याचं उत्तर २००५ मध्ये जपानी संशोधकांनी दिलं. मुळांशी मैत्री करून झाडाला स्फुरद मिळवून देणाऱ्या मायकोरायझा बुरशीला बोलावण्यासाठी झाड हे रसायन सोडतं. टारफुल्यानं ती हाक चोरून ऐकायला शिकून घेतलं. आणि स्फुरद, नत्र कमी पडलं की झाड ही हाक अधिक जोरात मारतं. म्हणजे भुकेल्या रानात टारफुला जास्त उगवतो. आजोबांचं 'रान दमलंय, शेणखत घाला' हे तंतोतंत हेच.

आणखी एक. टारफुला जमिनीवर दिसतो तेव्हा तो खाली काही आठवडे आधीपासून पिकाला चिकटलेला असतो आणि बरंचसं नुकसान होऊन गेलेलं असतं. खुरपणी तरीही करायची, पण ती यंदाच्या उसासाठी नाही, पुढच्या वर्षांचं बी पडू नये म्हणून. फूल दिसायच्या आत.

जुना_कृषीसहायक

उसासाठी तमिळनाडू कृषी विद्यापीठाची शिफारस सर्वांत पूर्ण आहे, ती माझ्या पद्धतीनं सांगतो. लागणीनंतर तिसऱ्या दिवशी ॲट्राझीन हे तणनाशक हेक्टरी १ किलो सक्रिय घटक. मग ४५ दिवसांच्या सुमारास खुरपणी, ६० दिवसांना उसाच्या बुडाला मातीची भर. ९० दिवसांच्या आसपास वर आलेल्या टारफुल्यावर २,४-डी सोडियम मीठ लिटरला ५ ग्रॅम, सोबत युरिया लिटरला २० ग्रॅम. १२० दिवसांना हेक्टरी ५ टन पाचटाचं आच्छादन. खोडव्यात पाचट जाळू नका, सरीत ठेवा.

एक गोष्ट ठळक अक्षरांत वाचा. शेजारी कपाशी, तूर, भाजीपाला किंवा द्राक्षबाग असेल तर २,४-डी फार जपून. वाऱ्यावर उडालेल्या थेंबांनीही द्राक्षाची आणि कपाशीची पानं वाकडी होतात. वारा पडलेला असताना, नोझलला हूड लावून, नुसत्या टारफुल्यावर मारायचं. तो पंप दुसऱ्या फवारणीला वापरू नका, धुतला तरी.

मुळाशी

आता थोडं परदेशातलं, कारण त्यात आपला एक धागा आहे. १९५६ मध्ये अमेरिकेच्या कॅरोलायना राज्यांत मक्यात एक अनोळखी तण सापडलं. ते टारफुला आहे हे तिथं आलेल्या एका भारतीय विद्यार्थ्यानं ओळखलं, कारण आपल्याकडं ते रोजचं. त्यानंतर अमेरिकी सरकारनं काय केलं ते बघण्यासारखं आहे. बाधित भागातून माती, यंत्रं, पीक बाहेर न्यायला बंदी घातली. प्रत्येक शेत वर्षानुवर्षं तपासलं. आणि जमिनीत इथिलीन वायू सोडला. इथिलीननं टारफुल्याचं बी उगवतं, पण शेतात पीक नसतं, त्यामुळं उगवलेलं सगळं मरतं. लाखो एकरांवर पसरलेलं हे तण त्यांनी काही दशकांत मूठभर शेतांपुरतं उरवलं.

धुऱ्यावरून

सर, इथिलीन वायू आमच्या वावरात कोण सोडणार? आमच्याकडं हे सांगून उपयोग काय?

मुळाशी

रास्त प्रश्न. वायू नाही परवडणार, पण तेच काम पीक करून देतं. कपाशी, सोयाबीन, भुईमूग, चवळी, तीळ, सूर्यफूल यांच्या मुळांच्या रसानं टारफुल्याचं बी उगवतं, पण त्याला या मुळांत शिरता येत नाही. उगवलं आणि मेलं. यांना सापळा पिकं म्हणतात. ज्वारीच्या, उसाच्या टारफुल्याच्या रानात मधे एक हंगाम सापळा पीक घेतलं की मातीतला साठा कमी होतो. एका हंगामात संपत नाही, पण दर वेळी उतरतो. उसाच्या पट्ट्यात खोडव्यावर खोडवा घेण्याऐवजी खोडवा मोडून सोयाबीन किंवा भुईमूग हा टारफुल्यावरचा खरा इलाज आहे. ज्वारीत तर चवळीचं आंतरपीक घेता येतं.

आणि ज्वारीत सहनशील वाणही आहेत. एन-१३ हा आपल्या भारतातलाच जुना वाण, त्याच्या मुळांत टारफुल्याला शिरणं जड जातं, म्हणून जगभरच्या पैदासकारांनी तो वापरला. इथिओपियात जन्मलेले शास्त्रज्ञ गेबिसा एजेटा यांना टारफुल्याला दाद न देणाऱ्या ज्वारीच्या वाणांसाठी २००९ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांनी घेतलेल्या वाणांची मुळं ती हाकच फार हळू मारतात.

किसुमूकर

केनियात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी नोकरीला आहे, म्हणून लिहितो. आफ्रिकेतला टारफुला आपल्यापेक्षा उंच आणि जांभळ्या-गुलाबी फुलांचा, आणि इथं मका हेच पोट भरायचं पीक. शेतभर जांभळी फुलं दिसली की घरात धान्य येणार नाही हे ठरलेलं.

इथल्या आयसीआयपीई संस्थेनं, झेयाउर खान यांच्या पुढाकारानं, एक पद्धत बसवलीय. मक्याच्या ओळींत डेस्मोडियम नावाचं वेलीसारखं द्विदल लावायचं आणि शेताच्या कडेनं नेपियर गवत. खोडकिडीचे पतंग डेस्मोडियमच्या वासानं दूर जातात आणि गवताकडं ओढले जातात. टारफुल्याचं काम डेस्मोडियमची मुळं करतात. त्यांच्यातून पाझरणारी रसायनं बी उगवायला लावतात आणि कोंबाची वाढ खुंटवतात, त्यामुळं तो मक्याच्या मुळापर्यंत पोचत नाही. शिवाय डेस्मोडियम नत्र देतं आणि जनावराला चारा होतो. ज्या घरात गाय आहे तिथं ही पद्धत टिकते हे मी डोळ्यांनी बघतो. डेस्मोडियमचं बी मिळणं आणि पहिल्या वर्षी ते जगवणं हेच कष्टाचं.

सरसोंवाला_मराठी

मूळचा जळगावचा, आता हिसारला. इकडं मोहरीत बंबाखूची बहीण येते, लोक मरगोजा किंवा रुखडी म्हणतात. पान नाही, हिरवा रंग नाही, जमिनीतून नुसता फिकट दांडा आणि त्यावर निळी-जांभळी फुलं. हरियाणा कृषी विद्यापीठाची शिफारस आहे ग्लायफोसेट अगदी थोड्या मात्रेत: पेरणीनंतर ३० दिवसांच्या सुमारास एकरी २५ मिलि आणि ५० ते ५५ दिवसांना एकरी ५० मिलि, दीडशे लिटर पाण्यात. मोहरीला तेवढ्यानं धक्का बसत नाही, पण तिच्यातून ते खालच्या परजीवीपर्यंत पोचतं. फवारणीच्या आगेमागे रानात ओल हवी आणि पट्टा दोनदा मारला जाता कामा नये, नाहीतर मोहरी पिवळी पडते. नीट केलं तर फरक खरोखर दिसतो.

खुरासणी

दादा, हा आकडा इथं लिहिलात खरा, पण मला भीती वाटते. कुणीतरी हे वाचेल आणि हरभऱ्यावर, वांग्यावर ग्लायफोसेट मारून मोकळा होईल. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली होती, तेही लक्षात घ्या. आमच्याकडं मापाचा ग्लास नसतो, झाकणानं औषध मोजतात.

सरसोंवाला_मराठी

ताई, तुमची भीती खरी आहे. म्हणून स्पष्ट लिहितो: ही मात्रा फक्त मोहरीसाठी, तीही विद्यापीठानं ज्या भागासाठी सांगितली तिथं. नेहमीच्या तण मारायच्या मात्रेच्या चाळिसाव्या ते विसाव्या भागाच्या आसपास आहे ती. झाकणानं मोजणाऱ्यानं या वाटेला जाऊच नये. हरभरा यानं जळेल.

निपाणीकाठ

बंबाखूचं आम्हाला विचारा. तंबाखूचा पट्टा आमचा. तंबाखूच्या बुडातून पांढुरके कोंब वर आले की समजायचं पानाचं वजन गेलं. तंबाखू कमी करून वांगी-टोमॅटो लावले तर तिथंही तोच, कारण ही सगळी एका कुळातली झाडं. कूळ बदलल्याशिवाय सुटका नाही, हे शेजारच्या पोरांना सांगून दमलो.

आमच्याकडं काय चालतं ते सांगतो. तंबाखूच्या आधी पावसाळ्यात मूग, उडीद किंवा तीळ. काही बी त्यांच्या मुळाशी फसतं. कोंब वर आला की लगेच, फूल उमलायच्या आत काढायचा. उपटलेला कोंब बांधावर टाकला तर तो तिथं पडल्या पडल्याही बी पिकवतो, म्हणून डबक्यात नाही, बांधावर नाही, थेट आगीत. जिथं कोंब थोडे आहेत तिथं कडुनिंबाच्या किंवा सोयाबीनच्या तेलाचे दोन थेंब कोवळ्या कोंबाच्या शेंड्यावर सोडायचे, कोंब कुजून जातो. काम बारीक आहे, मजूर लागतो, पण तंबाखूला इजा नाही.

रोपवाटिकेसाठी मात्र एक पक्की गोष्ट. एप्रिल-मे मध्ये गादीवाफे भिजवायचे, वर पारदर्शक प्लॅस्टिक कडा मातीत दाबून अंथरायचं आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवायचं. उन्हानं वरच्या थरातलं बी भाजून निघतं. काळं प्लॅस्टिक नको, पारदर्शकच. अख्ख्या रानाला हे परवडत नाही, पण रोपाबरोबर बंबाखू मुख्य रानात जाणं थांबतं.

मुळाशी

वांगी-टोमॅटोसाठी हरियाणात सल्फोसल्फ्युरॉन या तणनाशकावर काम झालंय. पण त्या औषधाचा अंश जमिनीत राहतो आणि मागून घेतलेल्या ज्वारीला, मक्याला बाधतो. फेरपालटात ज्वारी असणाऱ्यांनी विद्यापीठाला विचारल्याशिवाय हात लावू नये.

आंबेमोहोर_रत्नागिरी

कोकणातून थोडंसं. आमच्या हापूसवर बांडगूळ. त्याला हिरवी पानं असतात, स्वतःचं अन्न बरंचसं ते करतं, पण पाणी आणि क्षार आंब्याचे. बी चिकट असतं. फुलटोच्या पक्षी फळ खातो आणि ते चिकट बी फांदीला पुसतो, तिथंच रुजतं. जुन्या, दुर्लक्षित बागांत एकेका झाडावर आंब्यापेक्षा बांडगुळाचीच पानं जास्त दिसतात. उपाय एकच, आणि तो कोयत्याचा: बांडगुळाची गाठ जिथं आहे तिच्या खाली फूटभर फांदी छाटायची, कापावर बोर्डो पेस्ट. नुसतं बांडगूळ तोडलं तर फांदीच्या आत शिरलेल्या मुळांतून परत फुटतं. बांडगुळाची फळं पिकायच्या आधी करा. आणि शेजाऱ्याची बागही बघा, पक्ष्याला गडगा नसतो.

मुळाशी

अवांतर, पण सांगावंसं वाटतं. चंदन हेही असंच अर्धं परजीवी झाड आहे. चंदन लावणारे शेतकरी रोपाशेजारी मुद्दाम तूर लावतात, त्याच्या मुळांना यजमान मिळावा म्हणून.

काळीकसदार

मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार.

आज सकाळी गडी घेऊन चट्टे कापायला लावले. कडेनं हातभर हिरवं जास्तच काढलं, बघवत नव्हतं पण काढलं. ताडपत्रीवर वाळत घातलंय. आता पुढचा विचार. बाधित तुकड्यात पुढच्या रब्बीत हरभरा नको, ज्वारी घेतो. पण वर टारफुल्याचं वाचून मनात आलं की अमरवेलीपासून सुटायला ज्वारी घ्यायची आणि टारफुला ओढवून घ्यायचा असं तर होणार नाही ना? आणि हरभऱ्यासमोर ज्वारी पैशाला टिकते का?

जुना_कृषीसहायक

टारफुला आपोआप येत नाही, बी यावं लागतं. तुमच्या शिवारात ज्वारीत पूर्वी कधी दिसला होता का, हे गावातल्या वयस्कर माणसांना विचारा. नसेल तर काळजी नको. असेल तरी तुमची फेरी सोयाबीन मग ज्वारी अशी आहे, आणि सोयाबीन टारफुल्याचं सापळा पीक आहे. भारी काळ्या रानात रब्बीला तसाही त्याचा जोर कमी असतो. पण खरिपाच्या सोयाबीनमध्ये अमरवेल येणारच, तिथं पेंडिमिथॅलीन पेरणीबरोबर, आणि मग दर आठवड्याला एक फेरी मारून पहिले दोरे दिसतील ते झाडासकट उचलायचे. उगवणीनंतर मारायच्या इमॅझेथापायर तणनाशकानं ती काही प्रमाणात दबते, पण नुसत्या त्यावर विसंबू नका.

धुऱ्यावरून

पैशाचं सांगतो. नुसत्या दाण्यावर हरभऱ्याशी तुलना केली तर ज्वारी मागे पडते. कडबा धरा हिशोबात. ज्यांच्याकडं जनावरं आहेत किंवा कडब्याला गिऱ्हाईक आहे त्यांना जमतं. नसेल तर गहू घ्या पाण्याची सोय असेल तर. मोठं रान एकदम बदलू नका, जिथं चट्टे होते तेवढेच तुकडे बदला. आणि ते चट्टे कुठं होते ते आत्ताच बांधावर खुणा करून ठेवा, पीक निघाल्यावर आठवत नाही. दरवर्षी त्याच जागी आधी बघायचं.

काळीकसदार

खुणेचं बरं सांगितलंत, बांबूच्या कामट्या रोवतो. जनावरं आहेत घरी, कडबा लागतोच, त्यामुळं ज्वारीच. गावात मळणी मशीन दोघांकडं आहे. दोघांनाही उद्या भेटतो. आमचं चट्ट्याचं रान शेवटी मळा आणि नंतर मशीन आमच्याच खळ्यावर झाडा, झाडण्याची मजुरी मी देतो, असं त्यांना सांगणार आहे. शेजारच्या दोन बांधकऱ्यांच्या हरभऱ्यातही दोरे दिसलेत, त्यांना हा धागा वाचून दाखवतो.

जुना_कृषीसहायक

मशीन झाडून निघालेला कचरा खळ्यावर ठेवू नका, त्याच दिवशी जाळा. शेजाऱ्यांच्या रानात फूल धरलंय का ते आधी बघा. धरलं असेल तर उद्याची वाट बघू नका, आजच कापायला लागा.